ब्लॅकबर्नच्या रिकाम्या खुर्च्या आणि पुण्यातील मालक

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील ब्लॅकबर्न रोव्हर्स या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांपुढे गेली अनेक वर्षे हंगाम संपत आला की एकच प्रश्न उभा राहतो. पुढील वर्षाचे सीझन तिकीट घ्यावे की घेऊ नये? संघ चांगला खेळला की वाईट, यावर या प्रश्नाचे उत्तर अवलंबून नसते. वाद मालकांविषयीचा आहे आणि ते मालक ईवूड पार्क या क्लबच्या मैदानापासून हजारो मैल दूर, पुण्यात आहेत. कोंबड्या आणि अंडी यांच्या व्यवसायामुळे महाराष्ट्रात घरोघरी परिचित असलेल्या वेंकीज समूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये हा क्लब विकत घेतला. प्रीमियर लीगमधील क्लब खरेदी करणारा हा पहिलाच भारतीय उद्योगसमूह ठरला. त्या वेळी भारतात या व्यवहाराचे कौतुकच झाले. त्यानंतर ब्लॅकबर्नमध्ये जे घडले, त्याची दखल मात्र येथे फारशी घेतली गेली नाही.

मालकाला हटवण्यासाठी चाहत्यांनी आपल्याच संघाच्या सामन्यांवर बहिष्कार टाकावा काय, हा वाद इंग्लंडमध्ये नवा नाही. ब्लॅकबर्नमध्ये तो अधिक अवघड झाला आहे. येथील मालक क्लबमधून पैसा काढून नेत नाहीत. उलट दरवर्षी त्यात ओततात. अशा मालकाविरुद्ध रिकाम्या खुर्चीचे शस्त्र कितपत चालते, हा या वादाचा गाभा आहे.

ब्लॅकबर्न हे एके काळचे कापडगिरण्यांचे गाव. १८७५ मध्ये स्थापन झालेला हा क्लब इंग्लिश फुटबॉल लीगच्या संस्थापक सदस्यांपैकी एक आहे. स्थानिक पोलाद उद्योजक जॅक वॉकर यांनी १९९०च्या दशकाच्या प्रारंभी क्लब ताब्यात घेतला, केनी डॅल्ग्लिश यांना व्यवस्थापक नेमले, ॲलन शिअररला आणले आणि १९९४-९५ मध्ये प्रीमियर लीगचे विजेतेपद मिळवून दिले. लाखभर वस्तीच्या गावाने मँचेस्टर युनायटेडला मागे टाकले होते. वॉकर यांचे २००० मध्ये निधन झाले. त्यांच्या विश्वस्त निधीने दहा वर्षांनी क्लब विकला तो वेंकीजला, सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना. तेव्हाच्या दराने ही रक्कम दीडशे कोटी रुपयांहून अधिक होते. शिवाय क्लबच्या डोक्यावरील कर्जही नव्या मालकांकडे आले.

खरेदीला महिनाही उलटला नसताना अनुभवी व्यवस्थापक सॅम ॲलरडाइस यांना काढून टाकण्यात आले. संघ त्या वेळी तक्त्याच्या मध्यावर होता. त्यांच्या जागी स्टीव्ह कीन आले. मुख्य व्यवस्थापक म्हणून काम करण्याचा त्यांना पूर्वानुभव नव्हता. रोनाल्डिन्होसारख्या खेळाडूला आणण्याच्या गोष्टी झाल्या. तो आला नाही. क्लबचा कारभार वर्षानुवर्षे सांभाळणारे अध्यक्ष जॉन विल्यम्स काही महिन्यांतच बाहेर पडले. ऑक्टोबर २०११ मध्ये लीगमध्ये धडपडणारा संघ पुण्यात बालेवाडीला पुणे एफसीविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना खेळून गेला. संघाचे खेळाडू वेंकीजच्या चिकनची जाहिरात करतानाही दिसले. पुण्यातील प्रेक्षकांना ही पर्वणी होती. ब्लॅकबर्नच्या चाहत्यांना ती आपल्या संघाची थट्टा वाटली.

७ मे २०१२ रोजी विगनविरुद्धचा सामना गमावून ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून बाहेर फेकला गेला. त्या संध्याकाळी क्लबच्या रंगाचे फडके पांघरलेली एक कोंबडी कोणीतरी मैदानात सोडली. ते छायाचित्र जगभर गेले. पुढच्या हंगामात कीन यांच्यानंतर हेनिंग बर्ग ५७ दिवस आणि मायकल ॲपल्टन ६७ दिवस व्यवस्थापकपदावर राहिले. बर्ग यांनी उर्वरित करारापोटीच्या भरपाईसाठी न्यायालयात जाऊन क्लबकडून वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळवली. २०१७ मध्ये संघ गोलफरकाने तिसऱ्या श्रेणीत घसरला. प्रीमियर लीगचे विजेतेपद मिळवलेला क्लब इतका खाली जाण्याची ती पहिलीच वेळ होती. टोनी मोब्रे यांनी वर्षभरात त्याला पुन्हा दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये आणले. तेव्हापासून क्लब तेथेच आहे.

बहिष्काराचा वाद या सर्व काळात धुमसत राहिला. त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा युक्तिवाद सरळ आहे. मालक कुटुंब अनेक वर्षे मैदानावर क्वचितच दिसले. पत्रे, निवेदने, शिष्टमंडळे, घोषणा, फलक हे सारे करून झाले. ज्याच्याशी बोलायचे तोच समोर नसेल, तर बोलण्याला अर्थ उरत नाही. चाहत्याच्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे त्याचा खिसा आणि त्याची उपस्थिती. दूरचित्रवाणीवर सामना दाखवला जात असताना ओस पडलेले स्टँड कोणत्याही निवेदनापेक्षा मोठ्याने बोलतात, असे ही मंडळी मानतात.

विरोधात असलेल्यांचा युक्तिवाद अधिक गुंतागुंतीचा आहे आणि तो नेभळट म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. पहिला मुद्दा हिशेबाचा. चॅम्पियनशिपमधील बहुतेक क्लबांप्रमाणे ब्लॅकबर्नचा खर्च उत्पन्नापेक्षा कितीतरी अधिक आहे. वर्षाला कोट्यवधी पौंडांची तूट पडते आणि ती मालक भरून काढतात. वेंकीजने आजवर क्लबमध्ये घातलेली रक्कम २० कोटी पौंडांहून अधिक झाल्याचे सांगितले जाते. अशा स्थितीत तिकीटविक्री घटली, तर तेवढा खड्डा आणखी मोठा होतो. तो भरण्यासाठी मालक आणखी पैसे पाठवतील किंवा एखादा चांगला खेळाडू विकतील. २०२४ च्या हिवाळ्यात ॲडम व्हॉर्टन हा ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला आणि क्लबच्या अकादमीत घडलेला विशीच्या आतील मध्यरक्षक सुमारे १ कोटी ८० लाख पौंडांना क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. काही महिन्यांतच तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात निवडला गेला. बहिष्काराची किंमत मालक देणार की संघ, हा प्रश्न म्हणूनच उपस्थित केला जातो.

दुसरा मुद्दा भावनेचा, पण तितकाच व्यावहारिक. बाप मुलाला बोट धरून मैदानावर नेतो आणि तेथे नवा चाहता घडतो. बाप दोन-तीन वर्षे गेला नाही, तर त्या वयातले मूल दुसऱ्या कोणत्या तरी संघाचे होते. मँचेस्टर आणि लिव्हरपूल दोन्ही शहरे ब्लॅकबर्नपासून तासाभराच्या अंतरावर आहेत. बहिष्कार यशस्वी होईपर्यंत पुढची पिढीच हातातून गेलेली असेल, ही भीती अनाठायी नाही.

या दोहोंच्या मध्ये एक तोडगाही काढून पाहण्यात आला. क्लबच्या स्थापनावर्षाचा आधार घेऊन २०१६ मध्ये चाहत्यांनी १८व्या मिनिटाला मैदानात प्रवेश करायचा आणि ७५व्या मिनिटाला बाहेर पडायचे, अशा निषेधाचा मार्ग निवडला. तिकिटाचे पैसे क्लबला मिळाले, संघाला पाठिंबा मिळाला आणि नापसंतीही दिसली. कल्पना सुबक होती. मालकांवर तिचा काही परिणाम झाल्याचे मात्र दिसले नाही.

प्रत्यक्षात सर्वांत मोठा बहिष्कार कोणी जाहीर न करताच घडला. खरेदीच्या हंगामात ईवूड पार्कवर सरासरी सुमारे २५ हजार प्रेक्षक येत. २०१६-१७ पर्यंत ही संख्या सुमारे १३ हजारांवर आली. गेलेल्यांपैकी किती जण मालकांवर रागावून गेले, किती जण संघ घसरला म्हणून आणि किती जण केवळ सवय मोडली म्हणून, हे सांगता येत नाही. येथेच संघटित बहिष्काराचे समर्थक आपला सर्वांत भक्कम मुद्दा मांडतात. एकेकटा चाहता गळतो तेव्हा रिकाम्या खुर्चीला कारण नसते. सर्वांनी ठरवून ती रिकामी ठेवली, तर तिला कारण मिळते. मालकाला पहिल्या प्रकाराकडे दुर्लक्ष करता येते, दुसऱ्याकडे करणे जड जाते.

बहिष्कार या शब्दाशी या भागाचे एक जुने नाते आहे, याची आठवण भारतीय वाचकाला झाल्यावाचून राहत नाही. ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेन गावात सप्टेंबर १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेलेले महात्मा गांधी येऊन राहिले होते. विदेशी कापडावरील बहिष्काराची झळ ज्या गिरणी कामगारांना बसली, त्यांना भेटण्यासाठी ते आले होते आणि कामगारांनी त्यांचे आपुलकीने स्वागत केले. बहिष्काराचा रोख एकावर असतो आणि घाव दुसऱ्यावर बसतो, हे या परिसराने तेव्हाच पाहिले आहे.

बहिष्कार कोठे परिणामकारक ठरतो, याची उदाहरणे इंग्लंडमध्येच आहेत. कॉव्हेंट्री सिटीच्या मालकांनी, म्हणजे सिसू या गुंतवणूक कंपनीने, मैदानाच्या भाड्याच्या वादातून २०१३ मध्ये संघाचे घरचे सामने ३५ मैलांवरील नॉर्थॅम्प्टनला हलवले. चाहत्यांनी तेथे जाण्यास नकार दिला. घरच्या सामन्यांना सरासरी अडीच हजारांहूनही कमी प्रेक्षक येऊ लागले. काही जण नॉर्थॅम्प्टनपर्यंत जात, पण तिकीट न काढता मैदानाबाहेरील टेकडीवरून सामना पाहत. सप्टेंबर २०१४ मध्ये संघ कॉव्हेंट्रीला परतला. येथे मागणी एकच आणि नेमकी होती: संघ घरी आणा. मालक बदला, ही मागणी त्याहून कितीतरी मोठी असते. कॉव्हेंट्रीत मालकी त्यानंतरही बरीच वर्षे तीच राहिली.

ब्लॅकबर्नपासून जवळच असलेल्या ब्लॅकपूलचे उदाहरण या वादात सर्वाधिक वेळा दिले जाते आणि बहुतेकदा ते अर्धेच सांगितले जाते. २०१० मध्ये ब्लॅकपूल प्रीमियर लीगमध्ये पोहोचला आणि एकाच हंगामात परतला. लीगमधून मिळालेला पैसा संघावर खर्च न होता मालक ऑयस्टन कुटुंबाच्या कंपन्यांकडे वळल्याचा आरोप झाला. टीका करणाऱ्या अनेक चाहत्यांवर मालकांनी बदनामीचे दावे लावले. चाहत्यांनी ‘आता एक पैसाही नाही’ असा निर्धार केला आणि तो पाळला. मे २०१७ मध्ये संघ वेम्बलीवर बढतीचा निर्णायक सामना खेळत असतानाही हजारो चाहते घरी बसले. वेम्बलीला जाण्याची संधी अनेकांच्या आयुष्यात एकदाच येते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निर्धाराची किंमत कळते.

तथापि ऑयस्टन कुटुंबाला बाहेर काढले ते न्यायालयाने. क्लबमधील अल्पांश भागधारक, लॅटव्हियाचे उद्योजक व्हॅलेरी बेलोकॉन यांनी दावा लावला होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने मालकांनी क्लबचा पैसा अनुचित रीतीने काढून घेतल्याचा निष्कर्ष नोंदवून बेलोकॉन यांना ३ कोटी १० लाख पौंडांहून अधिक रक्कम देण्याचा आदेश दिला. ती वेळेत भरली गेली नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये क्लबवर रिसीव्हर नेमला गेला. पुढच्याच महिन्यात, ९ मार्च रोजी, साउथएंडविरुद्धच्या सामन्याला पंधरा हजारांहून अधिक चाहते एकाच दिवशी परतले. त्याआधीच्या वर्षांत ही संख्या अनेकदा तीन-चार हजारांच्या घरात असे. बहिष्काराने मालकांना हटवले नाही. क्लब म्हणजे मालक नव्हे, हे मात्र त्याने चार वर्षे जाहीरपणे सिद्ध केले आणि नव्या मालकासाठी चाहतावर्ग राखून ठेवला.

ब्लॅकबर्नला हा धडा जसाच्या तसा लागू होत नाही. तेथे मालकांवर पैसे काढून नेल्याचा आरोप नाही. तक्रार आहे ती कारभाराची, अनुपस्थितीची आणि दिशाहीनतेची. अशा तक्रारीला न्यायालयात दाद मागता येत नाही. अल्पांश भागधारकांचा बेलोकॉन येथे नाही. मालकांनी एका सकाळी पैसे पाठवणे थांबवले, तर क्लब तातडीने संकटात सापडेल.

ही शक्यता केवळ कल्पनेतील नाही, याची जाणीव अलीकडच्या वर्षांत झाली. वेंकीजच्या परदेशी गुंतवणुकीविषयी सक्तवसुली संचालनालयाने परकीय चलन व्यवस्थापन कायद्यान्वये चौकशी सुरू केल्यानंतर ब्लॅकबर्नला निधी पाठवण्यासाठी समूहाला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली. न्यायालयाने बँक हमीसारख्या अटींवर ती दिली. लँकेशायरमधील चाहते दिल्लीतील सुनावणीच्या तारखा पाहू लागले. याच काळात खेळाडूंची विक्री झाली, खर्चाला कात्री लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये संघ बढतीच्या शर्यतीत असताना व्यवस्थापक जॉन युस्टेस तळाशी झगडणाऱ्या डर्बी काउंटीकडे निघून गेले. त्याच वर्षी क्लबने महिलांचा संघ देशाच्या दुसऱ्या श्रेणीतून मागे घेतला. क्लबच्या दीडशेव्या वर्षात बहिष्काराचा विषय पुन्हा तापला, त्याला ही पार्श्वभूमी आहे.

मोठ्या क्लबांत रिकाम्या खुर्चीचे वजन आणखी कमी होते. मँचेस्टर युनायटेडचे मालक ग्लेझर कुटुंब २००५ पासून चाहत्यांच्या रोषाचे धनी आहे, कारण क्लब विकत घेण्यासाठी काढलेले कर्ज त्यांनी क्लबवरच टाकले. काही चाहत्यांनी त्याच वर्षी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला. ओल्ड ट्रॅफर्डवर मात्र एकाने सोडलेल्या जागेसाठी दुसरा रांगेत उभा असतो. तेथे परिणाम झाला तो २ मे २०२१ रोजी, चाहते मैदानात घुसल्यामुळे लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला तेव्हा. दूरचित्रवाणीचे वेळापत्रक कोलमडले आणि जगभर बातमी झाली. तरीही ग्लेझर कुटुंबाकडे आजही नियंत्रण आहे. न्यूकॅसलचे तत्कालीन मालक माइक ॲश्ली यांनी तर चाहते पाठ फिरवू लागताच २०१९-२० च्या हंगामात दहा हजार अर्धहंगामी तिकिटे फुकट वाटून स्टँड भरले. २०२१ मध्ये त्यांनी क्लब विकला तो सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या नेतृत्वाखालील गटाला. जुना मालक गेल्याचा आनंद आणि नव्या मालकाच्या मानवी हक्कविषयक नोंदीची अस्वस्थता, दोन्ही एकाच वेळी वाट्याला आली.

भारतातही हा वाद पोहोचला आहे. कोलकात्याच्या मोहन बागानचे २०२० मध्ये संजीव गोएंका यांच्या समूहाच्या एटीके संघाशी विलीनीकरण झाले आणि शतकभर जुन्या नावाआधी एटीके ही अक्षरे लागली. चाहत्यांनी ती काढून टाकण्यासाठी मोहीम चालवली, बहिष्काराच्या हाका दिल्या. मार्च २०२३ मध्ये गोव्यातील फातोर्डा मैदानावर संघाने इंडियन सुपर लीगचे विजेतेपद पटकावले आणि त्याच रात्री गोएंका यांनी नाव बदलण्याची घोषणा केली. २०२४-२५ च्या हंगामात केरळ ब्लास्टर्सच्या ‘मंजप्पडा’ या चाहता संघटनेने व्यवस्थापनाच्या निषेधार्थ तिकिटांच्या खरेदी-विक्रीपासून दूर राहण्याचा पवित्रा घेतला. कोचीच्या पिवळ्या स्टँडवर लीगची निम्मी जाहिरात उभी असते. ते विरळ होणे मालकांना आणि प्रक्षेपकांनाही परवडणारे नाही.

महाराष्ट्राचा अनुभव उलट्या बाजूचा आहे. बालेवाडीत ब्लॅकबर्नविरुद्ध खेळलेला पुणे एफसी २०१५ मध्ये बंद पडला. त्यानंतरचा एफसी पुणे सिटी आर्थिक अडचणींमुळे २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. दोन्ही वेळा मालकांनी हात आखडता घेतला आणि क्लबच नाहीसा झाला. बहिष्कार टाकण्यासाठी पुणेकर चाहत्यांकडे सामनाच उरला नाही. नावडता मालक आणि मालकच नसणे यांपैकी अधिक वाईट काय, हा प्रश्न पुण्यात काल्पनिक वाटत नाही. ब्लॅकबर्नचे सावध चाहते नेमके हेच बोट दाखवून सांगतात, फक्त त्यांचे उदाहरण बरी या क्लबचे असते. ऑगस्ट २०१९ मध्ये आर्थिक दिवाळखोरीमुळे १३४ वर्षांचा हा शेजारचा क्लब लीगमधून काढून टाकण्यात आला. एक पौंडाला विकत घेतलेल्या क्लबच्या लीगमधील वास्तव्याची ती अखेर होती.

बरीच्या त्या घटनेनंतर सुरू झालेल्या हालचालींतून ब्रिटिश संसदेने जुलै २०२५ मध्ये फुटबॉल कारभाराचा कायदा केला. त्याद्वारे स्वतंत्र नियामक स्थापन झाला. क्लबमालकांची आर्थिक क्षमता आणि योग्यता तपासण्याचे, तसेच क्लबांना चाहत्यांशी सल्लामसलत करण्यास भाग पाडण्याचे अधिकार त्याला आहेत. निधी कोठून येतो आणि तो पुढेही येत राहील काय, असे प्रश्न आता मालकांना अधिकृतपणे विचारता येतील. मालक लोकप्रिय नाही, एवढ्या कारणावरून मात्र नियामक त्याला हटवू शकत नाही. ईवूड पार्कच्या चाहत्यांची मुख्य तक्रार त्याच्या कक्षेत कितपत बसेल, हे परवान्यांची प्रक्रिया सुरू झाल्यावर ठरेल. तोपर्यंत सीझन तिकिटांच्या नूतनीकरणाची मुदत दर वर्षीप्रमाणे येत राहील आणि ब्लॅकबर्नच्या घराघरांत एकाच टेबलाभोवती दोन मते बसलेली असतील.